थोरलीची उजवी बाजू

पंचवीस माणसं बोटीच्या उजव्या कठड्याला खेटून बसली होती, आणि डाव्या बाजूच्या बाकावर एकच माणूस होता. मांडीवर वही, गळ्यात कॅमेरा, शेजारी वाळूची तीन पोती.

सुकाणूवरून तिला ते बघवेना. आठ वर्षं ती ही बोट चालवत होती. सगळा धक्का तिला कप्तान म्हणायचा. जे म्हणत नसत त्यांना ती म्हणायला लावायची. रोज सकाळी दोर सोडताना ती उतारूंना एकच गोष्ट सांगायची — देवमासे उजवीकडून जातात, उजवीकडे बसा. डावीकडे किनारा, उजवीकडे लांबवर खडकांची रांग, आणि मधल्या पट्ट्यातून देवमासे सकाळी एकाच दिशेनं जातात. यात न कळण्यासारखं काय होतं?

"अहो वहीवाले," तिनं हाक मारली, "तिथे पोती ठेवलीत, बोटीचा तोल राहावा म्हणून. तुम्ही पोत्यांच्यात का बसलाय?"

"तोल राहावा म्हणून," तो म्हणाला. मान वर न करता.

"देवमासे बघायचं तिकीट काढलंय ना?"

"मला देवमासे नाही, बोट बघायची आहे."

"मग धक्क्यावर उभं राहायचं होतं. तिथून फुकट दिसते."

आता त्यानं वर बघितलं. चेहरा साधाच होता, पण नजर... समोरच्या माणसाचं बोलणं खरंच ऐकणाऱ्याची असते तशी. तिला त्याचाही राग आला. भांडायला घेतलेल्या माणसानं असं बघू नये.

एवढ्यात उजवीकडे पाणी फुटलं. दोन आखूड फवारे, मग एक लांब, दमदार. तिनं शंभर मीटरवर इंजिन बंद केलं आणि बोट तरंगत राहिली. पाण्यावर एक करडी पाठ वर आली, येतच राहिली, संपेचना. उतारूंचा आवाज बंद झाला. मग एक गृहस्थ म्हणालेच, "जरा जवळ घ्या की. पैसे मोजलेत."

"ती तिच्या घरात आहे आणि आपण दारात," ती म्हणाली. "दारातून बघायचं. बोलावल्याशिवाय आत शिरायचं नाही."

वहीवाल्यानं काहीतरी लिहिलं.

"काय लिहिताय?"

"शंभर मीटर. इंजिन बंद."

"मग हेही लिहा. ही थोरली. माझ्या लहानपणापासून बघतेय मी तिला. आणि त्या पलीकडच्या संशोधन केंद्रातल्या कुणा शहाण्यानं कागदावर लिहिलंय की ही तीन वर्षांपूर्वीच नाहीशी झाली, ते पण माझ्या इंजिनाच्या त्रासानं. महिन्यानं सुनावणी आहे. परवाना जाणार माझा. त्या शहाण्याला एकदा इथे आणून बसवायला हवं, त्या पोत्यांच्या जागी."

"बसलाय," तो म्हणाला.

बोटीत कुणीतरी खोकलं. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पोहता येतं?"

"येतं."

"अरेरे," ती म्हणाली आणि इंजिन चालू केलं.

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. तिकीट खिडकीवर तिची आत्या बसायची. आत्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही.

"एकच तिकीट?" आत्या विचारायची.

"एकच."

"लग्न झालंय?"

"नाही."

"ते तिकिटासाठी नव्हतं विचारलं. असंच."

बोटीवर तो आपण होऊन पोत्यांजवळ बसायचा. केंद्रातल्या नोंदवहीचं सगळं काम त्याच्याकडे होतं. देवमाशांच्या अंगावर फिकट ठिपके असतात, ते प्रत्येकाचे वेगळे. फोटोत ते जुळवायचे आणि नंबर द्यायचा. सतरा नंबर ही सगळ्यात म्हातारी मादी, म्हणजे थोरली, तिच्या अंगावर कोयरीच्या आकाराचा डाग. ती तीन वर्षांत एकाही फोटोत नव्हती.

"आणि ही समोरून गेली ती कोण?" ती विचारायची.

"ही त्रेसष्ट. तीन वर्षांपूर्वी नवीन आलेली. हिच्या अंगावर कोयरी कुठेय? नुसते ठिपके आहेत, पीठ सांडल्यासारखे."

"दोन आखूड, एक लांब. असा श्वास थोरलीच घेते."

"श्वासाची नोंद नाही आमच्याकडे."

"नोंद नाही म्हणजे घडलं नाही?"

"माझ्या कामात... हो."

"मग तुम्ही कालपासून चार वेळा माझ्याकडे चोरून बघितलंत, ते घडलंच नाही म्हणायचं."

त्याचे कान लाल झाले. तिनं समुद्राकडे तोंड फिरवलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं आणि शत्रूसमोर हसायचं नसतं. त्यानं पाच वेळा बघितलं होतं, हे मात्र त्यानं त्या दिवशी तिला सांगितलं नाही.

आठवड्यानं तिच्या बाबांनी त्याला घरी बोलावलं. बोट बाबांनी बांधलेली. गुडघे गेल्यापासून ते खिडकीत बसून तिच्या इंजिनाचा आवाज ओळखत. त्यांना त्या शहाण्याचं तोंड बघायचं होतं. त्यानं निमूटपणे बोलणी खाल्ली, चहा घेतला, आणि कप परत ठेवताना भिंतीपाशी थबकला. भिंतीवर उतारूंनी पाठवलेले जुने फोटो टांगलेले होते.

"ही त्रेसष्ट," तो एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला.

"ती थोरली आहे," बाबा म्हणाले.

"पण त्रेसष्ट तर तीन वर्षांपूर्वी..." त्यानं फोटो उतरवून मागची तारीख वाचली. नऊ वर्षांपूर्वीची होती. तो तसाच खाली बसला, फरशीवर.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तुमच्या बोटीतून देवमाशाची कुठली बाजू दिसते?"

"कुठली म्हणजे? आम्ही किनाऱ्याकडून जातो. डावी."

"आमचं जुनं जहाज मोठं होतं. ते खडकांच्या पलीकडून, खोल पाण्यातून जायचं. म्हणजे वीस वर्षं आम्ही फक्त उजव्या बाजूचे फोटो काढले. तीन वर्षांपूर्वी जहाज मोडीत निघालं, लहान होडी मिळाली. ती खडकांपलीकडे जाऊ शकत नाही. ती तुमच्यासारखीच आतून जाते." तो फोटोकडे बघत राहिला. "दोन्ही अंगांचे ठिपके सारखे नसतात. माणसाच्या दोन तळहातांच्या रेषा कुठे सारख्या असतात? आम्ही बाजू बदलली. आणि उजव्या बाजूला मेली म्हटलं, डाव्या बाजूला नवीन आली म्हटलं."

बाबांनी कपाळाला हात लावला. "आणि त्यावर सही केलीत."

"केली."

तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण त्याला चांगलं फैलावर घेऊ. पण तो फरशीवर इतका शरमून बसला होता की तिनं नुसता त्याचा चहा पुन्हा गरम करून आणला. त्यात साखर जरा जास्तच पडली.

"एवढं पुरे नाही होणार," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "संचालक म्हणतील, त्रेसष्ट जुनी असेल, पण सतराच त्रेसष्ट कशावरून? एकाच वेळी दोन्ही बाजू दिसायला हव्यात. एक करता येईल. थोरली येताना बोट तिच्या पुढून आडवी काढायची, पलीकडे जायचं, आणि—"

"नाही."

"ऐकून तर घ्या."

"तिच्या वाटेत मी बोट घालणार नाही. ती दचकते, वाट बदलते. एकदा एकानं घातली होती, तेव्हा आठ दिवस ती पट्ट्यात आली नव्हती."

"एकदाच. नाहीतर परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे." ती सुकाणू सोडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमच्या कागदावर लिहिलंय ना, की मी तिला त्रास देते? आता ते खोटं ठरवायला खरंच त्रास देऊ? त्यापेक्षा बोट विकेन मी. विहिरीवर पाणी भरेन. पण त्या कागदातलं एक अक्षर मी खरं करून दाखवणार नाही."

त्यानं मांडीवरची वही मिटली.

"तुमचं कधी कुणाशी न भांडता पटलंय का हो?"

"बाबांशी. एकदा. ते आजारी होते."

त्या दिवशी तो पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. आठ वर्षांत समुद्रानं कधी तिच्या पोटातलं पाणी हलवलं नव्हतं. हा नोंदवहीचा माणूस मात्र ते हलवायला लागला होता, आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

सुनावणीच्या आधीचा रविवार धुक्याचा निघाला. एकही उतारू आला नाही. तरी तो आला, म्हणून तिनं बोट काढली. आत्यानं खिडकी बंद केली आणि तीही चढली.

"तू कशाला?"

"लोक काय म्हणतील म्हणून," आत्या म्हणाली, छपराखाली पाय पसरले, आणि धक्का दिसेनासा व्हायच्या आत घोरू लागली.

पट्ट्याच्या मध्यावर तिनं इंजिन बंद केलं. धुकं इतकं दाट होतं की बोटीचं टोक दिसत नव्हतं. दोघं ऐकत उभे राहिले. दोन आखूड. एक लांब. मग पुन्हा, जवळून.

"इकडे येतेय," तो कुजबुजला.

"बोलू नका."

थोरली धुक्यातून बाहेर आली ती उजव्या कठड्यापासून हातभरावर. बोट अकरा मीटरची, ती जवळपास दुप्पट. ती बोटीला समांतर, अगदी सावकाश जात होती. तिचा श्वास दोघांच्या अंगावर आला... ओला, ऊबदार आणि, खरं सांगायचं तर, कुजक्या मासळीच्या वासाचा. त्यानं कॅमेरा उचलून डाव्या अंगाचे फोटो काढले, एकामागून एक. पाण्याखाली तिचा डोळा दिसला, आणि तो डोळा त्यांच्याकडे बघत होता. मग तिनं पाठ वाकवली आणि ती खाली गेली.

"बोटीखाली," ती म्हणाली, आणि धावत डाव्या कठड्याला गेली.

बोटीखालून करडी सावली सरकत होती. एवढं मोठं जनावर, पण बोट हललीसुद्धा नाही. किती जागा सोडायची ते थोरलीला नेमकं ठाऊक होतं. कप्तान पोत्यांवर चढली, कठडा धरून वाकली. समोर पाणी फुगलं आणि थोरली वर आली. फवारा उडाला, कप्तान नखशिखांत भिजली. केसांतून पाणी गळत होतं, आणि ती हसत होती, लहानपणी पहिल्यांदा थोरलीला बघून हसली असेल तशी. तिच्या मागे, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, थोरलीची उजवी बाजू होती. पाठीवरच्या परापासून खाली उतरलेली, स्वच्छ, फिकट कोयरी.

"बघितलीत?" तिनं मागे वळून विचारलं. "कोयरी! बघितलीत ना? काढला फोटो?"

तो बोटीच्या मधोमध उभा होता. कॅमेरा गळ्यात लोंबत होता आणि दोन्ही हात मोकळे होते.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मी... बघत होतो."

थोरली धुक्यात निघून गेली होती. लांबून एक श्वास ऐकू आला, मग काहीच नाही. आत्या कूस बदलून पुन्हा झोपली. कप्तानला त्याला समुद्रात ढकलावंसं वाटलं, आणि लगेच, त्याच्यामागून उडी मारावीशीही वाटली. दोन्ही न करता ती सुकाणूवर गेली.

बंदर कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर सुनावणी झाली. लांब टेबल, करकरणाऱ्या खुर्च्या, फिरताना टकटक करणारा पंखा. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई चष्म्यावरून बघायच्या आणि कुणाचंही बोलणं मधे तोडायच्या नाहीत, त्यामुळे लोक आपण होऊन आवरतं घेत. एका बाजूला ती, बाबा आणि आत्या. दुसऱ्या बाजूला केंद्राचे संचालक, आणि त्यांच्या शेजारी तो, इस्त्रीच्या शर्टात, पोरका दिसत.

त्याला अहवाल वाचून दाखवायचा होता. त्यानं वाचला नाही. उभं राहून त्यानं जहाज, होडी, डावी बाजू, उजवी बाजू सगळं सांगितलं, भिंतीवरचे जुने फोटो टेबलावर मांडले. "सतरा आणि त्रेसष्ट हा एकच देवमासा आहे. मी रविवारी दोन्ही बाजू एकाच वेळी पाहिल्या."

संचालक खुर्चीत ताठ झाले. "फोटो?"

"डाव्या बाजूचे आहेत."

"उजव्या बाजूचा?"

"नाही."

"कॅमेरा बिघडला होता?"

"नाही साहेब."

"आणखी कुणी होतं बोटीवर?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी होते," आत्या म्हणाली. "झोपले होते."

"मग कॅमेरा गळ्यात असताना," संचालक म्हणाले, "बारा वर्षं नोंदी ठेवणाऱ्या माणसानं फोटो का काढला नाही, एवढंच कळू दे आम्हाला."

तिनं त्याच्याकडे बघितलं. म्हण की बिघडला होता, तिला वाटलं. धुकं होतं म्हण, काच ओली झाली म्हण. कुणीही म्हटलं असतं. तो खोटं बोलला असता तर तिचा परवाना वाचला असता, आणि तो तिच्या मनातून कायमचा उतरला असता. दोन्ही तिला एकाच वेळी कळलं, आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी यांच्याकडे बघत होतो," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडे हात केला. "कोयरी यांच्या मागेच होती. दोन्ही एकदमच दिसलं. कॅमेरा डोळ्याला लावला असता तर चौकटीत एकच काहीतरी मावलं असतं. मला... नाही लावता आला."

पंखा टकटकत राहिला.

"म्हणजे तुमचा आणि यांचा काही—" संचालकांनी सुरुवात केली.

"माझं प्रेम आहे यांच्यावर," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला, मग त्याला थांबवता येईना. "तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. मला इथे सांगायचं नव्हतं. पण विचारल्यावर नाही म्हणणं खोटं झालं असतं."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "कप्तान, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरच कळलं."

"मग संपलंच," संचालक म्हणाले. "प्रेमात पडलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार?"

"साक्ष म्हणून मला ती धरता येणार नाही, हे खरं," अधिकारी बाई म्हणाल्या.

बाबांनी डोळे मिटले. तिची आठ वर्षांची बोट त्याच्या एका वाक्यात गेली होती, आणि ते वाक्य तिनं आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात सुंदर वाक्य होतं. आता यावर रागवायचं कसं?

"मग साक्ष राहू द्या," तो म्हणाला. "अहवालावर सही कुणाची आहे?"

अधिकारी बाईंनी शेवटचं पान उलटलं. "तुमची. एकट्याची."

"ती मी मागे घेतो."

"काहीतरीच काय," संचालक म्हणाले. "पुरावा नसताना?"

"सही करायला पुरावा लागतो साहेब. मागे घ्यायला शंका पुरते. प्रेमात असो वा नसो, शंका घ्यायला बंदी नाही. आणि ते फोटो यांच्या भिंतीवर नऊ वर्षांपासून आहेत, तेव्हा मी यांना ओळखतही नव्हतो."

अधिकारी बाईंनी बराच वेळ फोटो उलटसुलट करून पाहिले. मग लेखणी उचलली. "अहवाल मागे घेतला. म्हणजे परवाना रद्द करायला आधार उरला नाही. पुढची मोजणी दोन्ही बाजूंनी करा, मग या." त्यांनी चष्मा चढवला आणि पुढची फाईल मागवली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. आत्या बाबांना धरून एकेक पायरी उतरवत होती आणि मुद्दाम वेळ लावत होती. संचालक मागून आले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"उद्यापासून येऊ नकोस," ते त्याला म्हणाले. "बारा वर्षांची नोकरी एका बाईपायी घालवलीस."

तो वळला. इतके दिवस खाली मान घालून लिहिणारा माणूस आता मान ताठ ठेवून उभा होता.

"बाईपायी नाही साहेब. देवमाशापायी घालवली, आणि पुन्हा घालवेन. बाईनं तर अजून हो सुद्धा म्हटलेलं नाही."

"म्हटलं," ती म्हणाली.

तो गर्रकन तिच्याकडे वळला. "कधी?"

"आत्ता. कान नाहीत का तुला?" ती दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी आली आणि सगळ्या बंदराच्या देखत तिनं त्याचा हात धरला. मग तिनं संचालकांकडे बघितलं. "साहेब, तुम्ही ऐकलंत ना? मग नोंद करून ठेवा. नाहीतर तुमच्याकडे म्हणतील, हे घडलंच नाही."